जुनं चेन ग्राइंडर घ्यायचंय, बघायचं काय?

प्रश्न (लांजा) : काका नमस्कार. माझ्याकडे दोन चेनसॉ आहेत, दोन्ही ५८ सीसी, १८ इंची बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी), चेन पॉइंट ३२५ पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात). मे महिन्यात कलमांची छाटणी, सरपण, मग पावसात पडलेली झाडं तोडायचं काम असतं. सीझनला मी आणि चुलत भाऊ मिळून दिवसाला चार-पाच चेना बोथट करतो. आजवर कानशीनेच धार लावतोय पण आता संध्याकाळी हात राहत नाही. कोल्हापूरला एक जण टेबलावर बसवायचं जुनं ग्राइंडर ९ हजाराला देतोय, वर दोन स्टोन (धार लावायचे गोल दगड) फुकट देतो म्हणतो, फोटोत मशीन अगदी नवं दिसतंय. घेऊ का?

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट, ते दोन फुकटचे स्टोन त्याचे त्यालाच ठेवायला सांगा. मशीन जुनं चालतं, स्टोन जुना चालत नाही. तो कुठे पडलाय, कशाखाली दबलाय, दोन पावसाळे कुठल्या पडवीत काढलेत हे तुम्हाला माहीत नाही आणि मिनिटाला तीन हजाराच्या आसपास फिरणारा दगड तडकला तर तो तुमच्या तोंडाच्या बरोबर समोर असतो. मशीनला लावलेला जो असेल तो टेस्टिंगपुरताही बघून घ्या, काढून भोकात बोट घालून लटकवायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळू टकटक करायचं. चांगला दगड खणखणतो, तडा असलेला बद्द वाजतो. फक्त रेझिनचा स्टोन मुळातच कमी वाजतो, त्यामुळे आवाज आला म्हणजे पास असं धरू नका, कडेला टवके आहेत का तेही बघा. शंका आली तर चालू करायचाच नाही, जाताना एक नवा स्टोन घेऊन जा.

पण नवा न्यायचा तर साइज आधी फोनवर विचारा. चांगल्या टेबल ग्राइंडरला सहसा १४५ मिमीचा म्हणजे पावणेसहा इंची स्टोन लागतो, भोक २२.३ मिमी. बाजारात जी हलकी, प्लॅस्टिक बॉडीची मशिनं आहेत त्यांना १०० किंवा १०८ मिमीचा लागतो. तुमच्या पॉइंट ३२५ चेनला जाडी पाहिजे ३.२ मिमी, म्हणजे एक सूत (इंचाचा आठवा भाग). तीन सूत पिचच्या मोठ्या चेनला साधारण दीड सूत जाडीचा लागतो. हे उलटसुलट झालं तर दाताचं गळं (आतला गोल) बिघडतं, धार दिसते पण लाकडात शिरत नाही.

आता मशीन. बहुतेक लोक जाऊन काय करतात तर स्विच मारतात, मोटर घुर्र करून फिरली की खूश होऊन पैसे मोजतात. अहो मोटर ही शेवटी बघायची गोष्ट, ती गेली तर कुठलाही वाइंडिंगवाला भरून देतो, बेअरिंग तर कुठेही मिळतं. ग्राइंडर बाद होतं ते दोन ठिकाणी, वरचं डोकं जिथे बिजागरीला खाली-वर होतं तिथे आणि चेन धरणाऱ्या वायसमध्ये. मोटर बंद असताना डोकं अर्धं खाली आणा, दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. खाली-वर जायलाच पाहिजे, पण आडवं हललं तर तिथली पिन आणि बुश झिजलेत. थोडं असेल तर लेथवाला नवीन बुश करून देतो, पण कास्टिंगमधलं भोकच लांबट झालं असेल तर नमस्कार करून चहा पिऊन परत या.

हे मी एवढं तिखट लिहितोय कारण मी स्वतः फसलोय. चिपळूणला वर्कशॉप नवीन होतं तेव्हा एका दुकानदाराकडून असंच वापरलेलं, हलकं मशीन उचललं होतं, त्याचं वायस प्लॅस्टिकचं. दगड डाव्या दाताला लागला की वायस केसभर मागे सरायचं, उजव्याला सरायचं नाही. डोळ्याला काही दिसेना. चेन चढवून फणसाचं खोड कापायला घेतलं तर काप सरळ जाईचना, चंद्रकोरीसारखा वळायला लागला आणि अर्ध्यात बार अडकला. गडी म्हणाला, काका ह्याने चाकं कापायची काय? मोजलं तेव्हा कळलं, एका बाजूचे दात दुसऱ्यापेक्षा जवळजवळ पाऊण मिमी लांब राहिले होते.

चेनचा सगळा खेळच हा आहे, एक दात डावा एक उजवा. ही कल्पना म्हणे अळीकडून घेतलीय. अमेरिकेत ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका खुंटात भुंगेऱ्याची अळी लाकूड खाताना बघितली, ती जबडा डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकत होती, त्यावरून त्याने आजच्या चेनचा दात बनवला आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. आपल्याकडे आंब्याच्या खोडातली भिरूड बघून आपण फक्त शिव्या घालतो, असो.

तर टेस्ट अशी करा. जाताना घरची एक बोथट चेन आणि एक व्हर्नियर घेऊन जा. तुमची १८ इंची चेन बहुतेक ७२ ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) असेल, म्हणजे ३६ दात, १८ डावे १८ उजवे. त्याला सांगा मला दोन डावे आणि दोन उजवे लावून दाखव. आधी वायसचा कोन ३० डिग्रीला एका बाजूला, मग तेवढाच दुसऱ्या बाजूला. मग दाताच्या वरच्या पट्टीची लांबी मोजा. दोन्हीकडे सारखी यायला पाहिजे, थोडा फरक असला तर कदाचित वायस मध्यावर आणणारा स्क्रू फिरवून जुळेल, जुळला तर मशीन चांगलं. पण एकाच बाजूचे दोन दात एकमेकांशी जुळत नसतील तर तो लूज आहे, सेटिंग नाही. तेव्हा विकणारा कितीही म्हणाला की "होतंय हो ॲडजस्ट", होत नाही.

त्याच वेळी तो छोटा खटका बघा जो दाताच्या मागे टेकतो आणि दाताला मागे सरकू देत नाही. तिथे दगडाने खाऊन खाच पडलेली असते. खटका सुटा मिळाला तर ठीक, किंमत थोडीच असते, नाहीतर वेल्डिंग करून घासून घ्यावा लागतो. वायसचे जबडे घट्ट आवळल्यावर चेन बोटाने हलवून बघा. कोनाचे आकडे पुसले गेले असले तर त्याने काही बिघडत नाही, मार्करने खुणा करून घेता येतात.

मग मोटर. स्टोन काढून रिकामी चालवा आणि स्विच बंद करून कान देऊन ऐका, थांबेपर्यंत घरघर नको. पेन्सिलचं टोक दगड बसतो त्या फ्लँजच्या कडेला अगदी जवळ धरून शाफ्ट हाताने फिरवा, फट कमी-जास्त झाली तर शाफ्ट वाकलाय नाहीतर फ्लँज. बॉडीला टेस्टर लावा. तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा केला असेल तर अर्थिंग आधी जोडून घ्या, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून तुम्ही हे चालवणार आहात. आणि एक गोष्ट जी फोटोत कधीच दिसत नाही, खालचा पत्रा उघडायला सांगा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी आलं त्यानंतर इथली किती मशिनं पुसून, रंगवून बाहेर गेली याचा मी साक्षीदार आहे. आणि कोल्हापूरलाही त्याच दिवसांत पूर होता. आत कोपऱ्यात वाळलेला गाळ, स्क्रूच्या डोक्यात माती, वायरिंगवर पाण्याची रेघ दिसली तर मशीन बुडालेलं आहे. बुडालं म्हणून टाकून द्यायचं नसतं, पण मग किंमत निम्म्याच्या खाली.

९ हजाराचं म्हणाल तर लूज नसेल, कास्टिंगची बॉडी असेल, १४५ चा स्टोन बसत असेल तर दिवसाला चार-पाच चेना असणाऱ्याने घ्यायला हरकत नाही. स्टोन नकोत म्हणालात म्हणून पाचशे-हजार कमी करून मागा. हलकं प्लॅस्टिकचं असेल तर २ हजारालाही घेऊ नका. आणि कानस फेकू नका. रोजची धार ४.८ मिमीच्या गोल कानशीचीच, झाडाजवळ बसून दोन-तीन हात मारले की झालं. ग्राइंडर हा खिळ्याला, तारेला, दगडाला लागून मेलेल्या चेनसाठी. कुंपणाची तार गिळलेला काजू तुमच्याकडेही असेलच.

लावताना दगड दाबून धरायचा नाही. टेकवा उचला, टेकवा उचला. दाताला निळा रंग चढला की टेंपर (पोलादाला दिलेलं पाणी) बिघडला, मग कानसही त्याच्यावरून घसरते. चष्मा घाला. नवीन स्टोन चढवल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामा फिरू द्या.

प्रश्न (पनवेल) : माझे मेव्हणे न्यू जर्सीला असतात, तिथे गराज सेलमध्ये त्यांना छान ग्राइंडर मिळतंय, येताना आणतो म्हणतात. इथे चालेल ना?

उत्तर : ताई, प्लेट वाचायला सांगा. तिथलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असणार. आपल्या २३० ला सरळ लावलं तर धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपली लाइन ५० हर्ट्झची, इंडक्शन मोटर (कार्बन ब्रश नसलेली) एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते. दहा मिनिटं चालवून थंड केलं तर काम होईल, दिवसभर नाही. कार्बन ब्रशची मोटर असेल तर हर्ट्झचा त्रास नाही, ट्रान्सफॉर्मर मात्र लागेलच. त्यात हे धूड बॅगेत किती जागा खाणार ते बघा, माझं विचाराल तर मेव्हण्यांना दोन-चार चांगल्या चेना आणायला सांगा.

प्रश्न (दापोली) : ग्राइंडरवर सगळे दात एकसारखे लावून आणले, हाताला धार लागते, तरी मशीनला जोर द्यावा लागतो आणि भुसा पिठासारखा पडतो. स्टोन चुकीचा लागला का?

उत्तर : स्टोन नाही, तुमचा पुढचा बुटका दात राहिला. प्रत्येक धारेच्या पुढे एक बोथट उंचवटा असतो, धार किती खोल शिरायची ते तो ठरवतो. धार घासून मागे आणि खाली सरकते, उंचवटा तसाच राहतो, मग धार लाकडाला नुसती चाटते. ०.६५ मिमीची गेज पट्टी चेनवर ठेवायची आणि वर डोकावेल तेवढं चपट्या कानशीने काढायचं. उगाच जास्त काढू नका, चेन उसळायला लागते आणि मशीन हातातून ओढतं. तीन-चार वेळा धार लावली की एकदा हे बघत चला, आणि पुढच्या वेळी ग्राइंडरवाल्याला आधीच विचारा की तो हे करतो का, बरेच जण करत नाहीत आणि पैसे मात्र पूर्ण घेतात.