पंख्याचा पिच कमी करायचा की पंपाचा स्क्रू फिरवायचा?

प्रश्न (नेरूळ): नमस्कार काका, आमची ३१ फुटी शिडाची बोट आहे, सेकंडहँड घेतलेली. इंजिन यानमार ३वायएम३०, खाली १६ इंची तीन पात्यांचा फेदरिंग पंखा (प्रोपेलर, शिडावर चालताना ज्याची पाती वळून पाण्याच्या प्रवाहाच्या रेषेत येतात). पुस्तिकेत कमाल आरपीएम ३६०० लिहिलंय पण आमचं फुल थ्रॉटलला २९०० च्या वर जातच नाही, मागून काळा धूर येतो आणि थोड्या वेळात टेंपरेचर वर चढायला लागतं. आधीच्या मालकाच्या वहीत पाती २२ डिग्रीला लावल्याची नोंद आहे. मेकॅनिक म्हणतो फ्युएल पंपाचा स्क्रू जरा खोलू, आरपीएम येईल. मित्र म्हणतो पिच कमी कर. कुणाचं ऐकू?

उत्तर: मित्राचं, पण लगेच नाही. आणि मेकॅनिकला त्या स्क्रूला हात लावू देऊ नका, तो कंपनीने सील केलेला असतो त्याला कारण आहे. तुमचं इंजिन आत्ताच जेवढं डिझेल घेतंय तेवढं जाळू शकत नाहीये म्हणून काळा धूर येतोय, त्यात अजून डिझेल ओतून काय होणार, धूर वाढेल आणि पिस्टन-व्हॉल्व्ह भाजतील.

आधी मूळ गोष्ट. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी घट्ट असतं तर, जितके इंच पुढे गेला असता तितके इंच. पिच जास्त म्हणजे पातं जास्त तिरकं, एका फेऱ्यात जास्त पाणी ढकलणार आणि इंजिनवर तेवढं ओझं. गायमुखचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढायला घेतला तर गाडीचं जे होतं तेच तुमच्या इंजिनचं होतंय, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलाय पण आरपीएम येत नाही. बरोबर बसलेला पंखा कोणता, तर साफ तळ, शांत पाणी, बोटीवर नेहमीचं सामान आणि फुल थ्रॉटल असताना जो इंजिनला त्याच्या कमाल आरपीएमपर्यंत जाऊ देतो, किंवा शंभरेक वर. शिडाच्या बोटीला मी थोडा वरच ठेवायला सांगतो, कारण तळाला काहीतरी चिकटणार हे आपल्या पाण्यात ठरलेलंच आहे.

आणि इथेच सगळी गोम आहे. मुंबई बंदरात आणि खाडीत बोट महिनाभर नुसती उभी राहिली तरी पंख्यावर बार्नॅकल (कडक कवचाचे चिकटणारे जीव) बसतात, तळाला रंग असतो पण ब्राँझच्या पंख्याला बहुतेक जण काही लावत नाहीत. मग पात्याचा गुळगुळीतपणा गेला की आरपीएम दोन-तीनशेने सहज पडतं, कधी त्याहून जास्त. अशा खरखरीत पंख्यावर मोजून पिच कमी केलात तर पावसाळ्यानंतर बोट घासूनपुसून पाण्यात टाकाल तेव्हा पंखा नुसता भिरभिरेल. म्हणून आधी पाणबुड्याला खाली पाठवा नाहीतर बोट वर घ्या, पंखा प्लास्टिकच्या स्क्रेपरने साफ करा, पात्यांची पुढची कड आणि हबच्या, म्हणजे पाती बसतात त्या मधल्या भागाच्या, खाचा नीट बघा, फेदरिंग पंख्याच्या गिअरमध्ये एखादं शंखाचं पिल्लू अडकलं तरी पाती पूर्ण उघडत नाहीत.

दुसरं, २९०० हा आकडा तरी खरा आहे का? बोटीचं टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा मीटर, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेतं, कुणी अल्टरनेटर किंवा पुली बदलली आणि मीटर पुन्हा सेट केलं नाही तर तो आयुष्यभर खोटं बोलतो, बेल्ट सैल असला तरी तेच. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन लेझर टॅकोमीटर स्वस्तात मिळतो, क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवा आणि चालू इंजिनवर लांबूनच पॉइंट धरा, बाह्या वर करून, लोंबकळतं काही नको.

तिसरं, न्यूट्रलमध्ये इंजिन गरम झाल्यावर क्षणभर फुल थ्रॉटल द्या. तुमच्या इंजिनला बिनलोड ३८०० च्या आसपास जायला हवं. तिथेही जात नसेल तर दोष पंख्याचा नाही. थ्रॉटलची केबल ताणली गेलीय आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतच नाही, हे फार कॉमन आहे, एकाने कॉकपिटमध्ये लिव्हर ढकला आणि दुसऱ्याने खाली टॉर्च धरून बघा टेकतो का. केबल ठीक असेल तर डिझेल फिल्टर. आणि न्यूट्रलला जातं पण गिअर टाकल्यावर पडतं असं असेल तर पंख्याबरोबरच एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (धुरात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप) खोलून बघा, जुन्या बोटींत तो कार्बन आणि मिठाने आतून करंगळीएवढा उरलेला असतो आणि लक्षणं डिट्टो तुमचीच, काळा धूर, पडलेलं आरपीएम. टेंपरेचरसाठी समुद्राच्या पाण्याची जाळीसुद्धा बघा, आपल्या खाडीत प्लास्टिक पिशवीचा तुकडा त्यात नसेल तरच नवल.

हे सगळं झालं की टेस्ट. ती जेटीला बोट बांधून करू नका, बरेच मेकॅनिक तसं करतात, पण बांधलेल्या बोटीत पंख्यावर ओझं जास्त येतं आणि आकडा कमीच दिसतो. बेलापूरच्या खाडीत ओहोटीला पण नको, उथळ पाण्यात बोटीची शेपटी खाली बसते आणि इंजिन विनाकारण धापा टाकतं. सरळ बाहेर या, घारापुरीच्या बाजूला जिथे पाणी खोल आहे तिथे, जेएनपीएच्या जहाजांचा चॅनेल सोडून, सकाळी वारा पडलेला असताना. बोटीने पूर्ण वेग पकडू द्या, मिनिटभर थांबा, मग वाचा. ओहोटीची ओढ समोरून असेल तर आरपीएम कमी येईल असं पुष्कळांना वाटतं पण तसं नसतं, पंखा भोवतालच्या पाण्यातच फिरतो, ते पाणी कुठे वाहतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ओढीने फक्त जीपीएसचा वेग बदलतो, म्हणून तो जाताना आणि येताना असा दोनदा घेऊन सरासरी काढा. वारा आणि लाटा मात्र आरपीएम खरंच खाली आणतात.

आता समजा एवढं करून ३१५० आलं. म्हणजे साडेचारशे कमी. तुमच्या साइजच्या इंजिनांना ढोबळ हिशोब असा की एक इंच पिच म्हणजे इंजिनचे साधारण दोनशे आरपीएम, कमीजास्त होतं पण सुरुवातीला चालतं. फेदरिंग पंख्यावर इंच नसतात, डिग्री असतात, तर ते असं काढायचं: व्यास १६ इंच गुणिले ३.१४ गुणिले ०.७ म्हणजे साधारण ३५ इंच, त्याला कोनाच्या टॅनने गुणा. २२ डिग्रीला १४ इंच येतात, २० ला पावणेतेरा, १८ ला साडेअकराच्या किंचित आत. तुम्हाला सव्वादोन इंच कमी करायचेत म्हणजे उत्तर १८ आणि १९ च्या मध्ये कुठेतरी. तुमच्या पंख्यावर दोन-दोन डिग्रीच्याच पायऱ्या असतील तर मी १८ घेईन, २० ला थांबलात तर अजून दीड-दोनशे कमीच पडतील.

हा आकडा दुसऱ्या बाजूने पण ताडून बघता येतो. गिअरबॉक्सच्या पट्टीवर २.६२ असेल तर ३६०० ला शाफ्ट पावणेचौदाशे फिरतो, १४ इंच पिचने बोट सोळा नॉटच्या जवळ पळायला हवी. तुमच्या ३१ फुटी बोटीचा हलचा वेग, म्हणजे तिच्या लांबीला झेपणारा कमाल वेग, सातच्या आत, म्हणजे निम्म्याहून बरंच जास्त स्लिप (हिशोबाच्या आणि खऱ्या वेगातली तूट). शिडाच्या जड बोटीत चाळीस ते पन्नास टक्के स्लिप नेहमीचीच, त्यावर गेलं की पिच जरा उतावीळपणे वाढवलाय असं समजा. आधीच्या मालकाने ते का केलं असेल त्याचा अंदाज आहे मला. जास्त पिचवर २२००-२४०० ला बोट छान चालते, आवाज कमी, डिझेल कमी. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या साधारण घनात वाढते, ८० टक्के आरपीएमला जेमतेम निम्मी लागते, म्हणून हळू चालवणाऱ्याला त्रास जाणवतच नाही. ज्याला कधी फुल थ्रॉटल लागत नाही तो असं मुद्दाम करतोही आणि इंजिन मरत नाही. पण मांडव्याहून परत येताना दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर आला की तीच ताकद हवी असते आणि ती मिळत नाही, म्हणून मला तो प्रकार पटत नाही.

प्रत्यक्ष बदलणं: काही नवीन फेदरिंग पंख्यांना बाहेरून स्क्रू असतो, पाणबुड्यासुद्धा करू शकतो. जुन्या प्रकारात पंखा पूर्ण खोलावा लागतो, म्हणजे बोट वरच हवी. खोलण्याआधी हबवरच्या खुणा आणि अक्षरांचे मोबाइलवर फोटो घ्या, कुठलं पातं कुठल्या जागी होतं ते मार्करने लिहा, एक पातं एका दाताने जरी सरकलं तरी बोटीला जी थरथर सुटते ती शाफ्टचं बेअरिंग खाते. बंद करताना पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरा, झिंक (पंख्याऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) नवीन लावा, पाती हाताने पुढे-मागे फिरवून सगळी एकाच वेळी टेकतात ना बघा. आणि बोट वर घ्यायची क्रेन टाळायला भिंतीला टेकवून ओहोटीत करायचा विचार असेल तर, मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि मोठी ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे मधे कामाला दोन-तीन तास आणि चिखलात पडलेला एक छोटा सर्कलिप (अडकवायची स्प्रिंगची कडी) पुन्हा मिळत नाही. जुन्या पंख्याला मी क्रेनच सांगेन.

प्रश्न (ऐरोली): काका, माझ्या बाबांची २६ फुटी बोट करंज्याला असते, फिक्स पंखा आहे, हबवर १३ आरएच ९ कोरलंय. इंजिन तीनशे आरपीएम कमी पडतं, सगळं साफ करून बघितलं. मच्छीमार बोटींचे पंखे दुरुस्त करणारे म्हणतात कडा अर्धा-पाऊण इंच कापून देतो, स्वस्तात होईल. करावं का?

उत्तर: कापू नका ताई, निदान आधी तरी नाही. १३ हा व्यास, ९ हा पिच, आरएच म्हणजे मागून बघितलं की पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा. व्यास कापल्यानेही ओझं कमी होतं हे खरं, एक इंच व्यास म्हणजे दोन-तीन इंच पिचएवढा फरक पडतो, पण हळू आणि जड बोटीला मोठा व्यासच ढकलतो, तो घालवून बसलात तर परत येत नाही. पिच मात्र तापवून, ठोकून एक-दोन इंच बदलता येतो आणि नाही जमलं तर उलटाही फिरवता येतो. तुम्हाला दीड इंच, म्हणजे १३ बाय साडेसात. त्या कारागिरांचा हात चांगला असतो, ट्रॉलरचे पंखे रोज करतात, फक्त त्यांना सांगा की प्रत्येक पात्याचा पिच मोजून दाखवा, नजरेने नको. पंखा परत बसवताना शाफ्टचा टेपर (निमुळतं टोक) आणि की (खाचेतली चावी) नीट बसलीय का, नटाला कॉटर पिन आहे का, हे बाबांनी स्वतः बघावं.

प्रश्न (कोपरी, ठाणे): दोन पात्यांचा फोल्डिंग (पाती मागे मिटणारा) पंखा मित्राच्या बोटीवरून काढून आमच्या २८ फुटीला लावला. इंजिन आरामात ३८०० ला जातं, धूर नाही काही नाही, पण बोट साडेचारच्या वर पळत नाही. चांगलं लक्षण ना?

उत्तर: नाही हो, पंखा हलका पडतोय. ३८०० ला इंजिन गव्हर्नरने (आरपीएमला मर्यादा घालणारा भाग) अडवलंय, त्यामुळे किती हलका ते आकड्यावरून कळणारसुद्धा नाही, न्यूट्रलला जेवढं जातं जवळपास तेवढंच दाखवतोय. तरी आधी एकदा कपलिंग आणि गिअरबॉक्स बघा, इंजिन फिरतंय पण शाफ्ट तेवढा फिरतोय का, ते लेझर टॅकोमीटर शाफ्टला लावून पाच मिनिटांत कळतं, भागाकार गिअरच्या रेशोएवढा यायला हवा. क्लच घसरत असेल तर पंखा बदलून पैसे वाया जातील. ते ठीक निघालं तर फोल्डिंग पंख्याची पातीच बदलावी लागतात, कोन फिरवता येत नाही, तेव्हा बनवणाऱ्याला इंजिनचा हॉर्सपॉवर, कमाल आरपीएम, गिअर रेशो, बोटीचं वजन आणि पाण्यातली लांबी एवढं कळवून जास्त पिचची जोडी मागवा. मित्राचा गिअर रेशो काय आहे तेही विचारून घ्या, त्याचा २.२ असेल आणि तुमचा २.६ तर तुमचं कोडं तिथेच सुटलं.