हात धुण्याच्या पायऱ्या कमी कराव्यात की वाढवाव्यात?

ताई, तुम्ही लिहिलंय की ८ वर्षांच्या स्वमग्न मुलासाठी हात धुण्याचा १२ पायऱ्यांचा छापील तक्ता भिंतीवर लावून चार महिने झाले, तरी तो साबणापाशीच अडतो. मी विशेष शिक्षिका आहे. माझं म्हणणं: जिथे अडतो तिथे पायऱ्या वाढवा, जिथे सहज जमतं तिथे कमी करा. टास्क अ‍ॅनालिसिस, म्हणजे एका कामाचे छोट्या पायऱ्यांत तुकडे पाडणं, मुलाकडे बघून करायचं असतं, दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा चालत नाही.

आधी दोन-तीन दिवस शिकवणं थांबवा. मागे उभ्या राहून एकदाच 'हात धू' म्हणा आणि काय होतं ते लिहून ठेवा. अडला की तेवढी पायरी तुम्ही निमूटपणे करून द्या, पुढची त्याला करू द्या. पुढच्या कितीतरी पायऱ्या त्याला येत असतील.

माझ्या वर्गातला एक मुलगाही साबणापाशी थांबायचा. 'लक्षच देत नाही' असं आम्ही म्हणत होतो, आणि ते चूक होतं. जवळ बसून पाहिलं तर ओली वडी त्याच्या बोटांतून निसटत होती, पकडच कच्ची होती. मग आम्ही दाबायची बाटली आणली आणि 'साबण लाव' या एका पायरीच्या तीन केल्या: डावा तळवा बाटलीच्या तोटीखाली धर, उजव्या हाताने एकदा दाब, तळव्यावर तळवा घास. नळ उघडून हात ओले करणं तो एका दमात करायचा, त्याची एकच पायरी ठेवली.

मदत करताना शक्यतो बोलू नका. 'आता साबण, आता चोळ' असं म्हणत राहिलं की मूल तुमच्या शब्दाची वाट बघत थांबतं. खरं तर एक पायरी संपणं हीच पुढचीची खूण व्हायला हवी. मागून हातावर हात धरा, काही दिवसांनी फक्त कोपराला स्पर्श, मग तोही सोडा. सलग तीन दिवस स्वतःहून केलं की त्या पायरीची मदत बंद.

चड्डी घालण्यासारख्या कामात मी शेवटून सुरुवात करते: गुडघ्यापर्यंत मी चढवून देते आणि तिथून वर ओढणं त्याला आधी शिकवते, म्हणजे काम पुरं झाल्याचा आनंद त्याला रोज मिळतो.

आणि गावी मोरीत बादली-तांब्या असेल, तर तिथली यादी वेगळी करा. एक हात तांब्या धरण्यात अडकतो, मग दोन्ही हात चोळायचे तर तांब्या आधी खाली ठेवावा लागतो. ही पायरी घरच्या तक्त्यात नसतेच.