कोडं सुटतं, नाव आठवत नाही

प्रश्न : वय ७२. रोजचं शब्दकोडं दहा मिनिटांत सोडवतो, तरी वर्षभरात ओळखीच्यांची नावं ऐन वेळी आठवेनाशी झाली आहेत. कोडी वाढवू का? शाकाहारी आहे, मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, कोडी वाढवून फारसं काही हाती लागणार नाही. दहा मिनिटांत सुटणारं कोडं अंगवळणी पडलेलं असतं, त्यात डोक्याला खटपट उरत नाही.

आधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा, ते कमी पडलं तरी विसरायला होतं. मेटफॉर्मिनमुळे ते आतड्यातून कमी शोषलं जातं, आणि शाकाहारी ताटात दूध-दही-ताक सोडलं तर ते जवळजवळ नसतंच. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल घेत असाल तर आणखी भर. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर साधारणपणे कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल आणि तळपायाला मुंग्या येत असतील, अंधारात तोल जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बी-१२ कमी असताना मनानेच नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करू नका. तिने हिमोग्लोबिन सुधारतं, बरं वाटतं, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. त्याच वेळी थायरॉइड आणि सोडियमही बघून घ्या.

मग घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाईन असतं. त्याने आणि झोपेच्या गोळ्यांनी उतारवयात स्मरण मंदावतं. पण झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

नाव तेव्हा आठवलं नाही आणि जेवताना अचानक आठवलं, हे बहुधा वयाचं. रोजच्या रस्त्यावर चुकणं, तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणं, बँकेच्या नेहमीच्या व्यवहारात गोंधळ होणं, हे वयाचं म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि दोन दिवसांत एकाएकी भ्रम झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अनेकदा लघवीचा संसर्ग किंवा उतरलेलं सोडियम निघतं.

आता सराव. नवं नाव कळलं की लगेच तोंडाने उच्चारा, पाच मिनिटांनी आठवा, संध्याकाळी आठवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आठवायचा प्रयत्न आधी, कागद नंतर. मंडईत जाताना आठ जिनसांची यादी खिशात ठेवा, पण पिशवी भरल्यावरच काढून ताडून पाहा.

कोड्याऐवजी काय, तर आपल्या पेठेतच उत्तर आहे : मोडी. भारत इतिहास संशोधक मंडळाकडे १९१० पासून जमवलेल्या मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. या लिपीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. खरी खटपट ती इथे! रोज वीस मिनिटं, पाचच अक्षरं, आणि शक्यतो कोणाबरोबर तरी. एकट्याने सुरू केलेलं पंधरवड्यात सुटतं.

प्रश्न : सासूबाई ७६ वर्षांच्या. टीव्ही फार मोठ्याने लावतात, भजनी मंडळाला जाणं बंद केलं. कानाचं यंत्र घेतलं, ते कपाटात पडून आहे.
— कोथरूडची वाचक

उत्तर : ताई, आधी कानात मळ आहे का ते दाखवा, मग यंत्राची जोडणी पुन्हा करून घ्या. उतारवयात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, त असे वर्ण निसटतात. बोलणं ऐकू येतं, कळत नाही. मग माणूस चारचौघांत जाणं टाळतो. ऐकू न येणं आणि एकटं पडणं, दोन्हींनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, म्हणून हे यंत्र कपाटात राहू देऊ नका.

बहुतेकांची चूक अशी, की पहिल्याच दिवशी ते घालून लग्नाच्या कार्यालयात जातात आणि भांड्यांच्या खणखणाटाने हैराण होतात. पहिला आठवडा शांत खोलीत, एकाच माणसाशी, रोज दोन तास. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघर, तिसऱ्यात चार जण. भजनी मंडळ महिन्याने. तोवर मेंदूला त्या आवाजांची सवय होते. बटणासारखी बॅटरी असेल तर स्टिकर काढून मिनिटभर हवेत ठेवा, मग बसवा; रात्री यंत्रातल्या तिच्या कप्प्याचं दार उघडं ठेवा. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या डबीत.

प्रश्न : रोज किती चालावं? वय ६८.
— पर्वती पायथा

उत्तर : थोडी धाप लागेल पण बोलता येईल अशा चालीने आठवड्याला किमान १५० मिनिटं. शिवाय तीन दिवस तोलाचा सराव : ओट्याला हात टेकून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. गुडघे दुखत असतील तर पर्वती चढण्यापेक्षा उतरताना जपा, तेव्हा गुडघ्यावर जास्त भार येतो.