वाचकांचे प्रश्न : मॉडरेटर का सोडून जातात?

प्रश्न : आम्ही चाळीसएक पक्षिनिरीक्षकांनी 2016 मध्ये फेसबुकवर एक समूह सुरू केला. आज त्यात नऊ हजारांहून अधिक सदस्य आहेत आणि मी त्याची ॲडमिन आहे. पोस्ट तपासणे, पक्ष्याची चुकीची ओळख दुरुस्त करणे, वाद मिटवणे ही कामे सात मॉडरेटर विनामोबदला करत असत. त्यांपैकी तिघे वर्षभरात सोडून गेले. शेवटी गेली ती सर्वांत चांगली मुलगी. जुलैमध्ये एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी तिबोटी खंड्याच्या घरट्याचे छायाचित्र ठिकाणासह टाकले. आमच्या नियमात ते बसत नसल्याने तिने पोस्ट काढली. त्यांनी मला फोन करून बरेच सुनावले. त्यांच्या वयाचा मान राखावा म्हणून त्यांनी पुन्हा टाकलेली तीच पोस्ट मी मंजूर केली. तिची समजूत नंतर काढू, असे मनाशी ठरवले होते. त्याआधीच ती निघून गेली. उरलेल्या चौघांना मानधन सुरू करावे का? नवे मॉडरेटर कसे तयार करावेत?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : मानधनाचे नंतर पाहू, आधी त्या फोनविषयी बोलू. ‘तिची समजूत नंतर काढू’ असे आपण लिहिले आहे. माझ्या मते चूक झाली ती इथेच, कारण समजूत काढण्याची गरज त्या मुलीला नव्हती, फोन करणाऱ्या गृहस्थांना होती.

तिने काय केले होते ते एकदा पाहा. तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून, ऐन पावसाळ्यात पिल्ले वाढवतो. बिळासमोर चार-पाच ट्रायपॉड उभे राहिले की चोचीत पाल किंवा बेडूक धरलेला पक्षी जवळच्या फांदीवर येऊन बसतो, मान वरखाली करतो, बिळाकडे झेपावण्याचा विचार करतो आणि परत फिरतो. आत पिल्ले उपाशी राहतात. छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून समोरची मुळे आणि डहाळ्या छाटणारे लोकही मी पाहिले आहेत, आणि तशी उघडी पडलेली दरड साप-मुंगसांना सहज सापडते. ठिकाण जाहीर झाले की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. हे सगळे त्या मुलीला ठाऊक होते, म्हणून तिने एका वजनदार माणसाचा रोष पत्करला. आणि आपण तिच्यामागून हात काढून घेतला. ते नऊ हजार लोकांसमोर झाले, हे तिला अधिक लागले असणार.

फोनवर इतकेच म्हणता आले असते : “काका, पोस्ट समूहाच्या नियमाप्रमाणे काढली आहे, निर्णय माझाच समजा. घरटे दिसणार नाही असे छायाचित्र ठिकाण न देता पाठवा, मी स्वतः लगेच मंजूर करते.” यात वयाचा मान राहतो आणि नियमही राहतो. मॉडरेटरचा निर्णय आपल्याला पटला नाही, तर ते तिला आतल्या गटात स्पष्ट सांगावे आणि चूक तिचीच असेल तर ती तिच्याच हाताने दुरुस्त होऊ द्यावी. ॲडमिनने परस्पर फिरवलेला निर्णय पाहून बाकीचे मॉडरेटर पुढच्या वेळी अवघड पोस्टला हातच लावत नाहीत, आणि मग आपल्याला वाटते की मंडळी सुस्तावली आहेत.

त्या मुलीला आता फोन करा, पण परत ये असे म्हणण्यासाठी नव्हे. आपली चूक झाली एवढेच सांगा आणि ‘नियम मोडून ती पोस्ट मी मंजूर केली होती, ती आज काढली आहे’ असे समूहात आपल्या नावाने लिहा. ती परतेल की नाही, ते तिच्यावर सोडा. उरलेले चौघे मात्र ते वाचतील.

आता मानधन. अमेरिकेत एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या चर्चाकक्षांवर हजारो स्वयंसेवक देखरेख करत. मोबदल्यादाखल त्यांना सेवा फुकट मिळे, पण त्याबरोबर ठरलेल्या पाळ्या, कामाच्या वेळेच्या नोंदी आणि अहवालही आले. हे काम नोकरीचेच आहे असे म्हणत त्यांच्यापैकी काही जण 1999 मध्ये न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपला समूह कंपनी नव्हे, हे मान्य. पण महिन्याला हजार रुपये हातावर ठेवले की माणूस तासांचा हिशेब करू लागतो, आणि मग हजार रुपये फारच कमी वाटतात, जे खरेही असते.

आपले मॉडरेटर पक्षी पाहायला आले होते, आणि आता ते फक्त पोस्ट पाहतात, ही खरी झीज आहे. पावसाळ्यात घरट्यांचे वाद आणि हिवाळ्यात ‘हा कोणता पक्षी?’ असे विचारणारी छायाचित्रे यांचा मारा असतो, म्हणजे नेमक्या स्थलांतराच्या हंगामात त्यांना बाहेर पडायला मिळत नाही. तेव्हा ऑक्टोबर ते मार्च या काळात प्रत्येकाला आळीपाळीने पूर्ण महिनाभर सुट्टी द्या. त्या महिन्यात त्याला काही विचारायचे नाही, टॅगही करायचे नाही. रात्री अकरानंतर कुणीही पोस्ट मंजूर करणार नाही असे जाहीर करा; छायाचित्रातला शिक्रा सकाळपर्यंत उडून जात नाही. अधूनमधून सर्वांनी मिळून कर्नाळ्याला किंवा उरणच्या पाणथळीवर जा आणि तिथे समूहाचा विषय काढू नका. एखाद्याला लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी, दिसला की त्याचा सहा महिन्यांचा शीण उतरतो, हे पक्षिनिरीक्षकाला वेगळे सांगायला नको.

स्त्री मॉडरेटरना पोस्ट नाकारल्यावर खासगी निरोपांतून जे ऐकावे लागते, त्याकडेही लक्ष द्या. नाकारल्याचा निरोप ठरलेल्या मजकुरात, समूहाच्या नावाने जावा. खासगीत अर्वाच्य लिहिणाऱ्याला त्याच दिवशी समूहाबाहेर काढणे हे ॲडमिनचे काम आहे. ते मॉडरेटरवर टाकू नका.

नवे लोक निवडताना सर्वाधिक छायाचित्रे टाकणाऱ्यांकडे जाऊ नका, कमेंट वाचा. बेसरा आणि शिक्रा हे शिकारी पक्षी दिसायला सारखेच. ‘बेसरा नाही, शिक्रा आहे, आधी अभ्यास करा’ असे लिहिणारा कदाचित बरोबर असेल, पण तो आपल्या कामाचा नाही. ‘गळ्यावरची मधली रेघ बारीक दिसते, म्हणून शिक्रा वाटतो, समोरून टिपलेले आणखी एखादे छायाचित्र आहे का?’ असे विचारणारी व्यक्ती शोधा. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर वेगळी वाटणारी नोंद आली की त्या भागातला स्वयंसेवी परीक्षक निरीक्षकाला साधारण याच सुरात तपशील विचारतो. नवख्याला पहिला महिना फक्त ओळख सांगू द्या, नंतर जुन्या मॉडरेटरच्या सोबतीने पोस्ट मंजूर करू द्या. वाद सोडवण्याचे काम त्याला सहा महिने देऊ नका. एक सामायिक वहीही ठेवा, तिच्यात काढलेल्या प्रत्येक पोस्टची तारीख आणि कारण एका ओळीत लिहा. पुढचा फोन आला की ती वही आपल्या हाताशी असेल.

प्रश्न : आमच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप समूहाची ॲडमिन व्हायला कुणी तयार नाही. सदस्याने आक्षेपार्ह काही टाकले तर ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो, असे सर्वांना वाटते. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये ॲडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. समूहात कोणाला घ्यायचे किंवा काढायचे एवढाच ॲडमिनचा अधिकार आहे, मजकूर प्रसिद्ध होण्याआधी तो अडवू शकत नाही, त्यामुळे समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुराबद्दल त्याला दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भीती घालवायला इतके पुरेसे आहे. मात्र वरच्या पनवेलच्या समूहासारखी व्यवस्था असेल, जिथे प्रत्येक पोस्ट कुणीतरी वाचून मंजूर करते, तिथे हाच युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडेल असे गृहीत धरू नये. तिथे वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. आपल्या समूहात तूर्त एकाऐवजी तिघांना ॲडमिन करा. आक्षेपार्ह मजकूर ॲडमिनला सर्वांसाठी काढून टाकता येतो, पण त्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवायला तिघांनाही सांगा.