चीजस्टेक हलकं करा, पण त्याचा खिमा-पाव करू नका

ताई, आम्ही फिलाडेल्फियाजवळ, चेरी हिलला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, सॉकर खेळतो. शनिवारी मॅच संपली की सगळी टीम चीजस्टेक, म्हणजे लांब पावात परतलेलं बीफ आणि चीज, खायला जाते. आमच्याकडे चिकन, मासे, मटण सगळं चालतं, बीफ मात्र नाही. तो तिथे नुसत्या फ्राइज खातो आणि घरी आला की रुसून बसतो. मागच्या महिन्यात मी घरी करून पाहिलं. चिकनला आलं-लसूण, गरम मसाला लावला, परतलं, वर चीज घातलं. दोन घास खाऊन म्हणाला, "आई, ही फ्रँकी आहे." त्यातच मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय आणि सासूबाई जूनपर्यंत इथे आहेत, त्या शाकाहारी. एका जेवणात सगळ्यांचं कसं जमवू?
एक आई, न्यू जर्सी

तुमच्या लेकाचं बरोबर आहे. त्याला भूक होती ती मित्रांच्या हातात जे असतं त्याची. तुम्ही मायेने केलंत, चवीलाही ते चांगलंच झालं असणार, पण त्याने मागितलेला पदार्थ तो नव्हता. मीही हेच केलं होतं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने पाव उघडला, आत पाहिलं, परत बंद केला आणि म्हणाली, "छान आहे, पण उद्या डब्यात देऊ नकोस." तिचा तो पाव बंद करणारा हात मला अजून दिसतो. त्यानंतर मी हा पदार्थ नीट शिकले. मसाल्याचा डबा न उघडता शिकले.

तेव्हा पहिलं सांगणं हेच. चीजस्टेकमध्ये आलं नाही, लसूण नाही, हळद नाही, गरम मसाला तर नाहीच. मीठ, मिरपूड, कांदा, संपलं. आपल्या हाताला हे फार जड जातं, मला माहीत आहे. पण पदार्थ हलका करणं वेगळं आणि तो आपल्यासारखा करून टाकणं वेगळं. पहिलं जरूर करा.

हा पदार्थ मुळात फार साधा आहे. १९३० च्या सुमारास दक्षिण फिलाडेल्फियातल्या इटालियन बाजाराजवळ पॅट ऑलिव्हिएरी हॉट डॉगची गाडी लावायचा. एक दिवस त्याने खाटकाकडून थोडं बीफ आणलं, कांद्यासोबत परतलं आणि इटालियन पावात भरलं. एका टॅक्सीवाल्याला त्याचा वास आला, त्याने तेच मागितलं, आणि मग टॅक्सीवाल्यांची रांग लागली, अशी गोष्ट तिथे सांगतात. नाइन्थ स्ट्रीट आणि पॅशंक ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, पॅट्स, आजही आहे. समोर १९६६ पासून जीनोज, चीजस्टेकचंच दुसरं दुकान. तिथे "विट" म्हटलं की कांद्यासकट आणि "विटाउट" म्हटलं की कांद्याशिवाय. तुमच्या लेकाला हे पाठ असेल.

या गोष्टीत तुमच्या कामाची एक ओळ आहे. त्या पहिल्या सँडविचमध्ये चीज नव्हतंच. ते पुढे १९४० च्या दशकात आलं, आधी प्रोव्होलोन हे इटालियन चीज, आणि डब्यातलं पातळ पिवळं चीज त्याच्याही नंतर, १९५० च्या दशकात. म्हणजे चीज कमी केलंत तर या पदार्थाची मोडतोड होत नाही, तो त्याच्या मूळ रूपाकडेच थोडा सरकतो. आणि चिकन घालून केलेलं चीजस्टेक फिलाडेल्फियात कितीतरी दुकानांच्या पाटीवर असतं. ते काही आपल्यासाठी काढलेली पळवाट नाही. लेकाला हे आधी सांगा. पुढच्या शनिवारी टीमसोबत गेला की त्याने चिकन चीजस्टेक मागावं. एवढंच आधी बघून घ्या की बहुतेक ठिकाणी बीफ आणि चिकन एकाच मोठ्या तव्यावर परततात. ते तुम्हाला चालणार आहे का, हे घरात दोघांनी बसून ठरवा. चालणार नसेल तर दुकानात विचारायला लाजू नका. तवा घासून एका कडेला करून देणारे भेटतात.

आता घरचं. चौघांसाठी चिकनचं ४५० ग्रॅम बोनलेस थाय, म्हणजे मांडीचं मांस घ्या, कातडी नसलेलं. दिसेल तेवढी चरबी कात्रीने काढून टाका. ब्रेस्टच, म्हणजे छातीचंच मांस हवं असा हट्ट नको. साफ केलेल्या थायमध्ये १०० ग्रॅमला साधारण ४ ग्रॅम चरबी असते, ब्रेस्टमध्ये ३ च्या आत. हा फरक छोटा आहे. त्यापायी पाव कोरडा खायचा आणि मुलाने पुन्हा तोंड फिरवायचं, हा सौदा परवडणारा नाही. पाकिटावर मात्र एक बघा. इथल्या बऱ्याच चिकनला आधीच मिठाचं पाणी पाजलेलं असतं आणि ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. तसं असेल तर वरून मीठ घालू नका.

सगळी करामत कापण्यात आहे. चिकन ताटलीत एका थरात पसरून फ्रीझरमध्ये ४० मिनिटं ठेवा. दगड व्हायला नको. बोट दाबलं तर वरून कडक आणि आत जरा नरम लागलं पाहिजे. मग धारदार सुरीने, धाग्यांना आडवे, जितके पातळ येतील तितके काप काढा. आपण बटाट्याच्या काचऱ्या करतो ना, त्याहून पातळ. बोथट सुरी असेल तर हे होणार नाही, चिकन फाटेल आणि तव्यावर पाणी सुटून शिजेल. पातळ काप दोन मिनिटांत होतात, कडा खरपूस होतात आणि थोडंच मांस पावात भरपूर दिसतं. हलकेपणाची अर्धी लढाई इथेच जिंकली जाते.

उरलेलं काम मशरूम करतात. २०० ग्रॅम साधी पांढरी मशरूम तितकीच पातळ कापा. कांदे दोन मोठे, उभे चिरलेले. मशरूम घातलेलं चीजस्टेक दुकानांतही मिळतं, त्यामुळे लेकाला ते परकं वाटणार नाही. सिमला मिरचीही काही जण घालतात. काही अस्सल फिलाडेल्फियावाले तिच्यावरून भांडतात, पण घरात पोरांच्या पोटात भाजी जात असेल तर मी त्या भांडणात पडत नाही.

तवा लोखंडी घ्या, तुमचा धिरड्यांचा असेल तर उत्तम. मोठ्या आचेवर नीट तापू द्या. चौघांच्या सँडविचला मिळून एक टेबलस्पून तेल पुरतं. आधी कांदा-मशरूम, चिमूटभर मीठ. मशरूमचं पाणी सुटेल, ते आटेपर्यंत हात लावू नका, मगच परता. कडा तांबूस झाल्या की काढून घ्या. मग त्याच तव्यावर चिकन पसरा आणि एक मिनिट तसंच राहू द्या. मग दोन उलथणी घ्या. मुंबईत पावभाजीच्या गाडीवर दोन हातांनी टक-टक-टक चालतं तो आवाज आठवा, अगदी तसंच तव्यावरच तोडत, उलटत जा. काही दुकानांत असं बारीक तोडतात, काही ठिकाणी काप अख्खेच ठेवतात. लेकाच्या आवडत्या दुकानात कसं करतात ते त्याला विचारा आणि तसंच करा. चिकनचा गुलाबी रंग पूर्ण गेला पाहिजे. मांसाचा थर्मामीटर असेल तर १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस.

चीज कुठे घालायचं, ही माझ्या मते या पदार्थातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. पावावर पसरून नका घालू. कांदा-मशरूम परत चिकनमध्ये मिसळा, तव्यावरच पावाच्या लांबीच्या चार राशी करा आणि प्रत्येक राशीवर प्रोव्होलोनची एक पातळ चकती ठेवा, २० ग्रॅमची. आच मंद करा. उघडलेला पाव त्या राशीवर उपडा ठेवा, झाकणासारखा. अर्ध्या मिनिटात वाफेने चीज विरघळून मांसाच्या फटींत उतरतं आणि पाव आतून मऊ होतो. खालून उलथणं सरकवायचं, वर तळहात ठेवायचा, आणि एका झटक्यात उलटायचं. एक चकती अशी वितळली की प्रत्येक घासात चीज लागतं. थंड पावावर तीन चकत्या ठेवूनही ते लागत नाही.

मिस्टरांसाठी हिशेब सांगते. २० ग्रॅम प्रोव्होलोनमध्ये संपृक्त चरबी, जिला डॉक्टर सॅच्युरेटेड फॅट म्हणतात ती, साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते. कोलेस्टेरॉल कमी करायचं असेल तर दिवसाला साधारण २००० कॅलरी खाणाऱ्याने ही चरबी १३ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. म्हणजे हे सँडविच त्यांच्या दिवसात बसतं, फक्त त्याच दिवशी चहासोबत बटर कुकीज आणि रात्री पनीर नको. त्यांची गोळी, त्यांचं पथ्य हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, ते मी ठरवणार नाही. पण त्यांच्यासाठी वेगळं उकडलेलं काहीतरी करून त्यांना टेबलाच्या टोकाला बसवू नका. घरातला माणूस एकटा पथ्य खातो तेव्हा ते फार दिवस टिकत नाही, हे मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय. डब्यातलं पिवळं चीज मात्र घरी आणू नका. त्यात मीठ फार असतं, आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात १८०० मिलिग्रॅमपेक्षा कमीच सोडियम खावं असा इथला सल्ला आहे. पाव, चीज आणि केचप मिळून त्यातला मोठा वाटा एका बसणीत संपवतात.

पावाबद्दल मी थोडी हट्टी आहे. गव्हाच्या ब्राउन पावाचा आग्रह इथे धरू नका. तो घट्ट असतो, वाफ धरत नाही, आणि मुलाला पुन्हा 'आईचं' सँडविच वाटेल. साधा लांब इटालियन रोल घ्या, बाहेरून पातळ पापुद्रा आणि आत मऊ. फक्त लहान घ्या. दुकानात तो दहा-बारा इंचांचा असतो, घरी सहा इंच पुरे. पूर्ण कापून दोन तुकडे करू नका, एका बाजूला जोडलेला राहू द्या. सोबत फ्राइजऐवजी काकडीची कोशिंबीर ठेवा, दाण्याचं कूट घातलेली. इथे मात्र आपलं देशी चालेल, कारण ती वेगळ्या वाटीत आहे आणि सँडविचला शिवत नाही.

सासूबाईंचं सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. त्यांचं आधी करा, स्वच्छ तव्यावर, वेगळ्या उलथण्याने. त्या मशरूम खात असतील तर कांदा, मशरूम, सिमला मिरची. नसतील तर फ्लॉवरचे पातळ काप, चांगले तांबूस होईपर्यंत. चीजच्या पाकिटावर साधं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असतं, तेवढ्यावरून ते प्राण्याच्या जठरातून काढलेल्या रेनेटचं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाचं आहे की नाही ते कळत नाही. त्या कडक शाकाहारी असतील तर 'व्हेजिटेरियन' किंवा 'मायक्रोबियल' रेनेट असं स्पष्ट छापलेलं पाकीट आणा आणि ते त्यांना दाखवा. परदेशात आलेल्या सासूला "यात काही नाही, खा" एवढं सांगून भागत नाही. तिला स्वतः बघता आलं की ती निवांत जेवते.

राहिला लेकाचा रुसवा. बीफ का नाही, हे त्याने विचारलं असेल किंवा लवकरच विचारेल. "ते घाण असतं" किंवा "ते लोक खातात" असलं काही कृपा करून बोलू नका. तेच त्याचे मित्र आहेत आणि सोमवारी तो त्यांच्याच शेजारी बसून जेवणार आहे. आपल्या घरात आजी-आजोबांपासून खात नाहीत, म्हणून आपण खात नाही, हे खरं कारण आहे आणि अकरा वर्षांच्या मुलाला ते पुरतं. मोठा झाल्यावर तो स्वतःचं ठरवेल आणि तेव्हाही त्याला तुमच्याशी ते बोलता आलं पाहिजे.

आणि एक करा. एका शनिवारी मॅचनंतर टीममधल्या दोघा-तिघांना घरी बोलवा. चिकन आदल्या रात्री कापून ठेवा, कांदा-मशरूम सकाळी. उलथणी लेकाच्या हातात द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. सँडविच तव्यावरून निघालं की लगेच ताटात वाढू नका. जाड कागदात घट्ट गुंडाळा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या, दुकानात देतात तसं. त्या दोन मिनिटांत पावाचा कडक पापुद्रा नरमतो आणि आतलं सगळं एकमेकांना धरून बसतं. मग कागदासकटच हातात द्या.