वरच्या पुढच्या दाताचा इम्प्लांट: एक्स-रे झाला तरी स्कॅन कशाला?

एक्स-रे काढून झाल्यावरही डॉक्टर सीबीसीटी स्कॅन (जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे) का सांगतात, असं तुम्ही विचारलंय. साध्या एक्स-रेत हाडाची उंची कळते, पण ओठाकडच्या बाजूला हाड किती जाड आहे ते कळत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. वरच्या पुढच्या दातांसमोरची हाडाची भिंत बहुतेकांमध्ये १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ती बरीचशी दाताच्या मुळाच्या आधारानेच टिकलेली असते. दात निघाला की काही आठवड्यांतच झिजू लागते आणि हिरडीही वर सरकते. इम्प्लांटसमोर, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळासमोर, साधारण २ मिलिमीटर हाड असावं असं धरतात. कमी पडलं तर हाडाची भर घालावी लागते.

हिरडी जाड आहे की पातळ, ही तपासणी सोपी आहे. हिरडीच्या कडेच्या आत बारीक प्रोब (तपासणीची धातूची सळई) सरकवतात. तो बाहेरून करडा झळकला तर हिरडी पातळ. अशा हिरडीतून पुढे इम्प्लांटच्या धातूची छटाही दिसू शकते.

एक मात्र आवर्जून विचारा: स्कॅनच्या वेळी ओठ हिरडीपासून दूर धरणार ना? ओठ टेकलेला राहिला तर चित्रात दोन्ही एकजीव दिसतात आणि हिरडीची जाडी मोजताच येत नाही.