मळीतलं बोअर: आधी पंप ठरव, मग मोटर

सांगली

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

बोअर खोदायच्या मशीनचं तुझं ड्रॉइंग बारकाईनं पाहिलं. मास्ट, म्हणजे रॉड उचलणारा उभा खांब, नीट आहे, रॉड फिरवणारं हेडही ठीक. पण पंपाच्या जागी कोपऱ्यात नुसता एक चौकोन काढून ठेवला आहेस, आणि सगळा घोळ तिथंच आहे. जत-आटपाडीकडच्या पाषाणात हवेचा हॅमर चालतो. तिथं दगड फोडला की झालं, भोक आपलं आपण उभं राहतं. कृष्णाकाठच्या मळीत, म्हणजे नदीच्या गाळाच्या जमिनीत, उलटं. माती कापायला फारसा जोर लागत नाही. कापलेली माती वर आणायची आणि भिंती ढासळू द्यायच्या नाहीत, ही खरी कामं, आणि ती दोन्ही पाणी करतं. म्हणून डिझाइनला पंपापासून हात घाल.

त्याही आधी, जिथं मशीन उभं राहणार त्या शिवारातली एखादी जुनी, न बांधलेली विहीर उन्हाळ्यात बघून ये. काळी माती, पिवळी, वाळूचा पट्टा, गोटे, मुरूम असे थर तिच्या भिंतीत उघडे दिसतात. वाळू कुठं सुरू होते आणि गोटे केवढे आहेत, ते टेप लावून लिहून घे. थर जागेगणिक बदलतात, त्यामुळे शेजारच्या गावाचं माप इथं धरू नकोस.

आता हिशेब. तू १५० मिमीचं भोक आणि ७३ मिमी बाहेरच्या व्यासाचा रॉड धरला आहेस. रॉड आणि भिंत यांमधल्या फटीचं क्षेत्रफळ ०.०१३५ चौरस मीटर येतं. बेंटोनाइटचं (पाण्यात फुगणाऱ्या मातीच्या पुडीचं) पाणी कापलेली माती उचलून आणायचं तर या फटीत त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर तरी हवा. म्हणजे सेकंदाला ६.७ लिटर, मिनिटाला साधारण ४०० लिटर. हा आकडा पंपाच्या पाटीवरचा नको, रॉड भोकाच्या तळाशी असताना प्रत्यक्ष मिळणारा हवा.

पण १५० मिमी तू कशावरून घेतलंस? ११० मिमीचा पीव्हीसी केसिंग पाइप त्यात सोडला तर चहूबाजूंनी जेमतेम २० मिमी जागा उरते. तेवढ्यात गाळणखडी (पाइपाभोवती वाळू अडवायला भरतात ती बारीक खडी) नीट उतरत नाही, मध्येच अडकून पोकळी राहते आणि पुढं बोअर वाळू ओकत बसतं. खडी भरायची असेल तर भोक २०० मिमीचं हवं. मग त्याच रॉडनं मिनिटाला ८१५ लिटर लागतील, म्हणजे पंप सरळ दुप्पट. रॉड ८९ मिमीचा केलास तर ७५५ वर येतं. भोकाचा व्यास एक तृतीयांशानंच वाढला, तरी पंप, इंजिन, ट्रॉली सगळंच बदललं. म्हणून केसिंग किती मिमीचं आणि खडी भरायची का, हे दोन प्रश्न आधी सोडव.

रॉडच्या आतल्या भोकात काटकसर करू नकोस. ६२ मिमीच्या आतल्या व्यासाला ४० मीटर लांबीत मिनिटाला ४०० लिटर पाणी नेताना घर्षणात सुमारे ४ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जातं. तेच ४० मिमी केलं तर ३६ मीटरच्या वर जातं, कारण हे नुकसान व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. जॉइंटमध्ये भोक आवळलेलं असेल तर आणखी. कार्यशाळेत जाड भिंतीचा जुना पाइप स्वस्तात मिळाला म्हणून वापरतात आणि मग पंपाला शिव्या देतात.

पंप सेंट्रिफ्युगल घ्यायचा की पिस्टनचा? सेंट्रिफ्युगल स्वस्त, वाळू थोडीफार सोसतो, दुरुस्ती कुठल्याही गॅरेजात होते. पण भोक चोंदलं की दाब वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याचं पाणी कमी होतं. पाणी कमी झालं की आणखी चोंदतं. पिस्टन पंप अशा वेळी पाणी देत राहतो, म्हणून मी पिस्टनच्या बाजूचा आहे. मात्र त्याला जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर एखाद्या दिवशी होज फुटेल आणि शेजारी कोणीतरी उभं असेल.

मोटरबद्दल थोडक्यात. ५०० सीसीची हायड्रॉलिक मोटर १४० बार दाबावर सुमारे १,००० न्यूटन-मीटर पिळ देते. मिनिटाला ८० फेऱ्यांना हे साधारण ८.५ किलोवॉट, म्हणजे ११-१२ हॉर्सपॉवर. मातीला आणि मऊ मुरमाला पुरे. एवढ्या पिळानं ७३ मिमीच्या रॉडवर जो ताण येतो तो २७ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे नगण्यच. रॉड मधे तुटत नाही, तुटतो तो जॉइंटच्या वेल्डिंगपाशी. म्हणून जॉइंट लेथवर एका केंद्रात धरून, आधी गरम करून वेल्ड करून घे, आणि चुडी (आटे) निमुळती ठेव. सरळ चुडी गाळानं भरते, अर्धी बसते, आणि पान्यानं सुटत नाही. वाकडा रॉड एकही वापरू नकोस, तो भिंतीला चाबकासारखा मारतो.

बिट तीन पंखी, टोकांना कार्बाइड. त्याची पाण्याची भोकं तू ८ मिमीची काढली आहेस. तिथून पाणी सेकंदाला ४५ मीटर वेगानं सुटेल, ११-१२ बार तिथंच खर्ची पडतील आणि वाळूत तळाशी गुहा होईल. १४ मिमीची तीन ठेव, वेग १५ मीटरवर येतो. त्यांचा रोख पंख्यांच्या तोंडाकडे ठेव, कारण काळी माती पंख्यांना चिकटून गोळा होते आणि मग बिट नुसतं फिरतं, खाली जात नाही. मऊ जमिनीत बिट वरून रेटायचं नसतं, उलट रॉडचं वजन विंचवर तोलून धरायचं असतं. तुझ्या मशीनला खाली दाबायची साखळी आहे, पण धरून ठेवायचा ब्रेक नाही. तो घाल. ४० मीटर रॉड जॉइंटसकट ४०० किलोच्या घरात जातात. अडकलेले रॉड उपटण्यासाठी विंच आणि मास्ट दोन्ही निदान २ टनांचे हवेत.

स्विव्हलमध्ये (फिरत्या रॉडमध्ये पाणी सोडणाऱ्या जोडात) पॅकिंग आणि बेअरिंग यांच्या मधे एक बाहेर उघडणारं भोक ठेव. पॅकिंग गळलं की चिखल तिथून दिसतो. नाहीतर तो गुपचूप बेअरिंगमध्ये शिरतो आणि दोन दिवसांत बेअरिंग खातो.

आता चिखलाचं. १९००-०१ च्या सुमारास टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला तेलाच्या विहिरीसाठी वाहत्या वाळूतून भोक नेताना साधं पाणी पुरेना, तेव्हा खड्ड्यात गुरं फिरवून गढूळ चिखल केला, असं सांगतात. चिखल भिंतीवर पातळ साय धरतो आणि आतून दाब देतो. आपल्याकडची काळी माती मुळात फुगणारी, त्यामुळे वरच्या थरात साध्या पाण्यानं सुरुवात केली तरी चिखल आपोआप बनतो. वाळू लागायच्या आधी मात्र बेंटोनाइट तयार पाहिजे: १,००० लिटर गोड्या पाण्यात ५० किलो, रात्रभर भिजवलेलं. गोड्या पाण्यात, हे विसरू नकोस. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतल्या क्षारपड पट्ट्यातलं पाणी घेतलंस तर बेंटोनाइट फुलत नाही, दह्यासारखं फाटतं. मार्श फनेलमधून (चिखलाचा घट्टपणा मोजायच्या नरसाळ्यातून) ९४६ मिली साधं पाणी २६ सेकंदांत जातं. चिखल ३५ ते ४० सेकंद घेईल असा ठेव, सुट्या वाळूत थोडा आणखी घट्ट. ४० मीटरच्या १५० मिमी भोकात ७०० लिटर मावतात. खड्डे त्याच्या तिप्पट, म्हणजे मिळून २,१०० लिटरचे, दोन: एकात वाळू बसेल, दुसऱ्यातून पंप ओढेल. एकच खड्डा केलास तर पंप स्वतःचीच वाळू परत भोकात पाठवेल आणि पिस्टनच्या वाट्या महिन्याभरात जातील.

चालवताना होणारी मोठी चूक म्हणजे रॉड जोडायच्या वेळी घाईनं पंप बंद करणं. ४० मीटरवरून वर यायला मातीला ८० सेकंद तरी लागतात, जड वाळूला जास्त. म्हणून खाली न जाता दोन मिनिटं नुसतं फिरवत पाणी सोडायचं, मग थांबायचं. तसं केलं नाही तर वरची वाळू बिटावर बसते आणि रॉड अडकतो. अडकला तर आधी पाणी चालू ठेवून फिरवून बघायचं, ओढाओढ नंतर.

दुसरी चूक रॉड काढताना. ४० मीटर रॉडच्या पोलादानं ५३ लिटर जागा व्यापलेली असते. तो बाहेर आला की भोकातली पातळी ३ मीटर उतरते आणि वाळूचा पट्टा तेवढ्यातच ढासळतो. काढताना वरून चिखल भरत राहायचा, आणि झटक्यात नाही, हळू काढायचं. पिचकारीचा दट्ट्या मागं ओढावा तसं बिट भिंत आत खेचतं. पावसाळ्यात नदीकाठी जमिनीतलं पाणी अगदी वर येतं, त्यामुळे वरचं केसिंग जमिनीच्या निदान १ मीटर वर ठेव, म्हणजे चिखलाची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच राहील.

मुरूम संपून पाषाण लागला की थांब. केसिंग बसव आणि पुढचं हॅमरवाल्याकडं दे. एकाच मशीननं दोन्ही करायचा मोह तुझ्या ड्रॉइंगमध्ये दिसतो. त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो, आणि तो ओढायला तुझी ट्रॉली फार छोटी आहे.

पुढचं ड्रॉइंग पाठवशील तेव्हा पंपाचा हेड-डिस्चार्ज आलेख, स्विव्हलचा उभा छेद आणि ब्रेकची जागा एवढं नक्की असू दे. बाकीचं त्यावर बोलू.

तुझा हितचिंतक